गमबुटांचे आठ जोड आणि एक रब्बी हंगाम

गेल्या ऑक्टोबरमध्ये धरणगावच्या बाजारातील एका दुकानातून मी गमबुटांचे आठ जोड आणि लोकरी मोज्यांचे सोळा जोड विकत घेतले. चार गमबूट साधे, म्हणजे आतून कापडी अस्तर नसलेले, प्रत्येकी ४८० रुपयांचे होते. उरलेले चार अस्तराचे, प्रत्येकी ६५० रुपयांचे होते. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या आमच्या शेतात केळीला ठिबक आहे, परंतु गहू आणि हरभरा अजूनही पाटाच्या पाण्यावरच निघतो, आणि शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर दुसरा आठवडा रात्री मिळत असल्याने हिवाळ्यातील निम्मे भरणे अंधारात, चिखलात उभे राहून करावे लागते. ऑक्टोबर ते मार्च असा पूर्ण हंगाम हे गमबूट आमच्या दोन सालदारांनी, रोजंदारीवर येणाऱ्या पाच स्त्री-पुरुषांनी आणि स्वतः मी वापरले. एवढा वापर झाल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण माझे परीक्षण त्यामुळे काहीसे एकांगी झाले असण्याची शक्यता आहे. मी सैन्याच्या वैद्यकीय कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधला काही काळ हिमनदीवरच्या चौकीत गेला, जिथे सकाळी चहाच्या आधी जवानांच्या पायांची बोटे मोजून पाहणे हे माझे काम होते. त्यामुळे दुकानदार बुटाची चमक दाखवत होता तेव्हा मी आत हात घालून शिवण चाचपत होतो, आणि तो बहुधा मनातून वैतागला होता.

खरेदीचे कारण त्याआधीच्या जानेवारीत घडले होते. आमच्या थोरल्या सालदाराने सलग चार रात्री अनवाणी पायांनी गव्हाला पाणी भरले. जाणकारांना ठाऊक आहे की विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, म्हणून पाण्यात उभे असताना कोणालाच काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो तो पाट दूरवर थंड होत गेल्यावर आणि ओल्या पायांवरून पहाटेचा वारा वाहू लागल्यावर. चौथ्या पहाटे पाय बधिर झाल्याने त्याने ते शेकोटीजवळ धरले, आणि चटका बसत असल्याचे त्याला कळलेच नाही. टाचेवर दोन फोड आले, पंधरा दिवस काम बंद राहिले, आणि अठ्ठावीस वर्षे इतरांचे पाय तपासलेल्या माणसाच्या स्वतःच्या शेतात हे घडले याची लाज मला आजही वाटते. बधिर झालेला पाय शेकू नये, चोळू नये, कोरडा करून हळूहळू उबेत आणावा, हे मी शेकडो जवानांना सांगितले होते. सालदाराला मात्र कधीच सांगितले नव्हते.

त्याच्या दुखण्याला ट्रेंच फूट, म्हणजे खंदकातल्या सैनिकांना होणारे पायाचे दुखणे, म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु ती त्याच वाटेवरची पहिली पायरी होती. आपल्याकडे पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या वेगळ्या. ते कातडीचे दुखणे आहे आणि मलमाने बरे होते. ट्रेंच फूटमध्ये पाय दीर्घकाळ ओला, थंड आणि आवळलेला राहिल्याने आतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पारा शून्याच्या बराच वर असतानाही ते होते. आधी पाय बधिर आणि पांढुरका पडतो, उबेत आल्यावर लाल होऊन सुजतो आणि असह्य ठणकतो, पुढे फोड येतात, आणि दुर्लक्ष झाल्यास मांस कुजून बोटे कापावी लागतात. पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्स सीमेवरील फ्लँडर्सच्या चिकण मातीत, जिथे थोडे खणले तरी पाणी लागत असे, १९१४-१५ च्या पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील वीस हजारांहून अधिक माणसे या दुखण्याने अंथरुणाला खिळली, आणि संपूर्ण युद्धात फ्रान्समधील रुग्णालयांत ट्रेंच फूट व हिमदंशाचे सुमारे पंचाहत्तर हजार ब्रिटिश रुग्ण दाखल झाले. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे आपले जवान १९१४ च्या शरद ऋतूत मार्सेलिसला उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर सुती खाकी होती. गरम कपडे मिळेपर्यंत ते त्याच कपड्यांनिशी त्या चिखलात उभे राहिले.

ज्या वस्तूचे हे परीक्षण आहे तिला सैनिकी वस्तू म्हणून ओळख मिळाली ती याच चिखलात. रबरी बूट त्याआधीही होते, परंतु स्कॉटलंडमधील नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने या युद्धासाठी अकरा लाखांहून अधिक जोड बनवले तेव्हा गमबूट घाऊक प्रमाणात सैनिकांच्या पायांत गेला. मांडीपर्यंत येणारे हे बूट बहुधा सैनिकाच्या मालकीचे नसत. ते खंदकाचे सामान मानले जात, आणि पुढच्या रांगेतून बाहेर पडणारी तुकडी आत येणाऱ्या तुकडीच्या हवाली ते करून जात असे. म्हणजे आदल्या माणसाच्या घामाने ओला झालेला बूट पुढच्याच्या वाट्याला येई. रबर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसेच आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. एकदा वरून पाणी शिरले की तो बूट म्हणजे पायाला बांधलेली बादलीच. पाणी पूर्ण अडवणारा बूट हा निम्माच उपाय आहे, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना एका हिवाळ्यात कळले. आजच्या दुकानदारांना ते अजून कळलेले दिसत नाही, कारण माझ्या दुकानदाराने अस्तराचा जोड ‘थंडीसाठी खास’ म्हणून गळ्यात मारला.

आता वस्तूविषयी. दोन्ही प्रकार पीव्हीसीचे आहेत, उंची नडगीच्या मध्यापर्यंत येते, आणि आयएसआय खूण फक्त साध्या जोडांवर आहे. पहिल्या आठवड्यात सर्वांनी अस्तराचेच बूट पसंत केले, कारण ते मऊ लागतात आणि पायात घालताच उबदार वाटतात. दुसऱ्या आठवड्यात चित्र उलटे झाले. पाटाचा बांध फुटला, पाणी बुटाच्या वरून आत गेले, आणि अस्तर भिजले ते तीन दिवस वाळले नाही. साधा बूट उलटा करून फडक्याने पुसला की अर्ध्या तासात कोरडा होतो. वाळवण्यासाठी आम्ही बांधावर तुरीच्या तुराट्या रोवून त्यांवर बूट उलटे अडकवू लागलो, आत रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, तरीही अस्तराच्या बुटांचा कुबट वास शेवटपर्यंत गेला नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पाण्यातील कामासाठी अस्तराचा बूट घेऊ नये. ऊब मोज्यातून मिळवावी, कारण मोजा बदलता येतो, अस्तर बदलता येत नाही.

मापाविषयी अधिक काटेकोर राहावे. खंदकातील पायांना पाण्याइतकाच आवळण्याचा त्रास झाला. घट्ट बूट आणि पोटरीला गुंडाळलेल्या पट्ट्या भिजून आकसल्या की पायातला रक्तप्रवाहच मंदावत असे, म्हणून त्या सैल बांधण्याच्या सूचना निघाल्या. गमबूट नेहमीच्या चपलेच्या मापाने घेतला तर लोकरी मोज्यासह तो आवळतो. एक माप मोठा घ्यावा, आणि मोजा घालूनच दुकानात चालून पाहावे. येथे माझी खरी तक्रार आहे: या दुकानात सहा क्रमांकाखाली एकही जोड नव्हता. आमच्याकडे निंदणी-खुरपणीला आणि पाण्यालाही येणाऱ्या बायकांचे पाय चार-पाच क्रमांकाचे. त्यांना दिलेल्या बुटांत टाच सुटते, चिखलात पाऊल रुतते आणि पाय तेवढा बाहेर निघतो. दुकानदाराने ‘बायका कुठे गमबूट घालतात’ असे म्हणून विषय संपवला. माप बदलून देण्यासही त्याने नकार दिला, जरी जोड एकदाही वापरलेले नव्हते आणि पावती माझ्या हातात होती.

तळव्याची नक्षी मुरमाड जमिनीत उत्तम पकड देते. आमच्या काळ्या मातीत मात्र दहा पावलांत खाचा भरतात आणि प्रत्येक पायाला पाव-अर्धा किलो चिखल चिकटतो. त्यावर कोणत्याही बुटाचा इलाज नाही. घोट्याजवळ जिथे बूट दुमडतो तिथे उन्हात राहिलेल्या दोन जोडांना मार्चअखेर चिरा गेल्या. सापाची भीती कमी होते, हा फायदा मजुरांनी स्वतःहून सांगितला; घोणस बहुधा घोट्याखालीच चावते, त्यामुळे तो मान्य करावाच लागेल.

परंतु या बुटांनी आमच्या शेतातले पाय वाचवले का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर वेगळे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बूट होते आणि तरीही दोघांचे तळवे पांढरे पडून सुरकुतले, कारण रात्री दहाला घातलेला बूट सकाळी सातपर्यंत कोणी काढतच नव्हते. खंदकातली अडचण नेमकी हीच होती. तेथील दिवस उलटा असे: पहाटे आणि संध्याकाळी सर्वांनी शस्त्र घेऊन सज्ज उभे राहायचे, दिवसा आळीपाळीने झोपायचे, आणि रात्री खणणे, काटेरी तार ठोकणे, शिधा वाहून आणणे ही कामे करायची. दोन-दोन तास न हलता पहारा करणाऱ्या माणसाला बूट काढ म्हणणे सोपे नव्हते. अचानक हल्ला झाला तर अनवाणी सापडण्याची भीती त्याला असे, आणि झोप इतकी अपुरी असे की पाय पुसण्यापेक्षा पाच मिनिटे डोळा लागलेला त्याला अधिक मोलाचा वाटे. शिधा, पाणी, उवा, शौचाचे खड्डे, रम वाटप आणि शत्रूचा मारा हे सर्व सांभाळून तीस-चाळीस माणसांचे पाय अंधारात रोज बघायचे, हे काम वीस-बावीस वर्षांच्या प्लाटून कमांडरच्या अंगावर पडे, आणि त्याचेही पाय तितकेच ओले असत.

ब्रिटिश सैन्याने यावर काढलेला मार्ग वैद्यकीय कमी आणि शिस्तीचा अधिक होता. ट्रेंच फूट हे दुर्दैव न मानता तुकडीच्या व्यवस्थापनातील चूक मानायचे ठरले. रुग्णांची संख्या वर कळवावी लागे आणि ती वाढली की कमांडिंग ऑफिसरला जाब द्यावा लागे. जवानांच्या जोड्या लावल्या गेल्या, एकाने दुसऱ्याचे पाय पुसून त्यांना देवमाशाचे तेल चोळायचे. कोरडे मोजे रात्रीच्या शिध्याबरोबर पुढे येत आणि ओले मोजे वाळवण्यासाठी मागे जात. पाणी फार साचलेल्या भागात तुकड्यांची बदली लवकर केली जाई, पायाखाली लाकडी जाळ्या टाकल्या जात. देवमाशाच्या तेलाचे श्रेय पुष्कळ सांगितले जाते. माझ्या मते त्यातील बराच वाटा तेलाचा नसून तेल चोळण्यासाठी दिवसातून एकदा तरी बूट काढावाच लागे याचा आहे. अर्थात या कडकपणात अन्यायही होता. गुडघाभर पाणी असलेला खंदक ज्याच्या वाट्याला आला त्या अधिकाऱ्याला कोरड्या टेकडीवरच्या अधिकाऱ्याच्या मापाने मोजणे योग्य नव्हते. मी स्वतः पाहिले आहे की आकडा वाढला तर बोलणी बसतील या भीतीने सेक्शन कमांडर किरकोळ बधिरपणा लपवतात, आणि मग एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, थेट काळे पडलेले बोट येते.

हिमनदीवर आमची पद्धत याच परंपरेतली होती. बडी जोडी ठरलेली, पाय तपासणी ठरलेल्या वेळी, मोज्यांचा एक जोड पायात आणि दुसरा अंगातल्या उबेवर वाळत ठेवलेला. शेतात तीच पद्धत आणताना मला वाटले होते की हुकूम दिला की काम होईल. झाले नाही. पहिल्याच रात्री मी बॅटरी घेऊन बांधावर बसलो आणि पाय दाखवा म्हणालो, तर धाकटा सालदार मागे सरकला. ‘आबा, मालकले पाय दखाडाले लाज वाटस,’ तो म्हणाला. मालकाने मजुराच्या पायाला हात लावणे त्याला अवघड वाटत होते, आणि मी वर्दीत नसल्याने माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

अशा वेळी मला पहिल्या महायुद्धातला कूटचा वेढा आठवतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिसच्या काठी ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली होती, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. जानेवारीत नदीला पूर येऊन पुढचे खंदक पाण्याखाली गेले. भाजीपाला संपला, घोड्याचे मांस शिध्यात आले, आणि बहुतेक भारतीय जवानांनी ते खाण्यास नकार दिला. परिणाम असा की मांस खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी हा ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग झाला, तर कोंड्यासह कणीक खाणारे आपले जवान बेरीबेरीतून वाचले परंतु स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने, त्यांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनाशा झाल्या. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून मांस खाण्यास हरकत नाही असे संदेश मागवले गेले, तरी जवान बराच काळ बधले नाहीत. गावी परतल्यावर जात काय म्हणेल, हा प्रश्न वेढ्यातही त्यांच्याबरोबर होता. शेवटी शेवटी अनेकांनी ते खाल्ले, पण तोवर शरीरे खचली होती. शिधा वाटणे आणि तो खाल्ला जाणे यांत जे अंतर आहे, तेच बूट देणे आणि तो वेळेवर काढला जाणे यांत आहे. ते अंतर हुकमाने भरत नाही, हे कूटमधल्या अधिकाऱ्यांना फार किंमत देऊन कळले.

मी दुसऱ्या रात्री आधी स्वतःचे बूट काढले. माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांना हिमनदीपासून संवेदना नाही. ती मी सर्वांना दाबून पाहू दिली. त्यानंतर जोड्या लावल्या: दोन सालदार एकमेकांचे, बायका एकमेकींचे पाय बघतील, आणि माझे थोरला सालदार बघेल. रात्री एक वाजता पाण्याची बारी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना दहा मिनिटे थांबायचे, केळीचे रिकामे क्रेट उलटे टाकून त्यावर बसायचे, बूट उपडे करायचे, पाय फडक्याने पुसून बोटांमध्ये बघायचे, कोरडे मोजे घालायचे. तेल म्हणून घरचे खोबरेल ठेवले, त्याचा उपयोग भेगांपुरता. डिसेंबर ते मार्च एकाही पायावर फोड आला नाही आणि चिखल्या एकदाच झाल्या, त्याही मला. पंपाची मोटार जळाली त्या रात्री मी तपासणी टाळली होती.

मोज्यांविषयी दोन वाक्ये पुरेत. दुकानदाराने लोकरी म्हणून दिलेल्या सोळापैकी सहा जोड निम्मे नायलॉनचे निघाले, जळणाऱ्या धाग्याच्या वासावरून ते सहज ओळखता येते. लोकर भिजली तरी काही ऊब धरून ठेवते, नायलॉन नाही. प्रत्येक माणसामागे किमान दोन जोड हवेत, आणि तिसरा असल्यास रात्री झोपताना घालण्यापुरता वेगळा ठेवावा.

साध्या गमबुटाला मी पाचपैकी चार गुण देईन, अस्तराच्या गमबुटाला दोन, आणि दुकानाच्या सेवेला एक, तोही पावती दिली म्हणून. अस्तराचे जोड आता कोरड्या दिवसांतील फवारणीला वापरतो. लहान मापांचे तीन जोड जळगावहून मागवले आहेत. ते मिळाले, परंतु त्यांसाठी दुप्पट हेलपाटे पडले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवे साल ठरले तेव्हा थोरल्या सालदाराने पगार, धान्य आणि कपडे यांची बोलणी नेहमीप्रमाणे केली. उठताना तो थांबला आणि त्याने आणखी एक अट घातली: बूट साधाच, नऊ क्रमांकाचा, आणि मोज्यांचे तीन जोड, आबांनी आधी एक धागा जाळून बघितलेले.